दुर्मीळ आहे म्हणून निधी नको?

डोळ्याचा कर्करोग मोजक्यांना होतो, त्याच्या संशोधनावर पैसा कशाला, औषध बाहेरून आणा, असं एकांनी लिहिलंय. मला नाही पटलं.

आम्ही वाशीकर. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनाच्या कचऱ्यातून रुथेनियम-१०६ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य वेगळं काढलं आणि डोळ्यावर बसवायची नाण्याएवढी चकती बनवली. २०२० मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये ती वापरली गेली. चकती गाठीवर बाहेरून टाके घालून बसवतात, काही दिवसांनी काढतात, बऱ्याचदा डोळा वाचतो. पण रुथेनियमची तीव्रता साधारण वर्षभरात निम्मी होते, म्हणजे चकत्या नव्याने करत राहाव्या लागतात. एकदा धनादेश देऊन फोटो काढला, असं इथे चालत नाही.

बाहेरच्या औषधाचं म्हणाल तर टेबेन्टाफस्प, मोठ्यांच्या डोळ्यातल्या मेलानोमा या कर्करोगावरचं. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण विशिष्ट एचएलए प्रकार (पेशींवरची ओळख पटवणारी प्रथिनं, ती माणसागणिक वेगळी असतात) असलेल्यांनाच ते चालतं. तो युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत असतो, आपल्याकडे कमी. उरलेल्यांचा अभ्यास कोण करणार, कंपन्या?

आणि ‘मोजके रुग्ण’! अमेरिकी संशोधक नुडसन यांनी १९७१ मध्ये रेटिनोब्लास्टोमाच्या, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगाच्या, अवघ्या ४८ रुग्णांवरून जनुकाला दोन धक्के बसल्याशिवाय, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय, हा आजार होत नाही, असं मांडलं. त्यातूनच पुढे कर्करोगाला आळा घालणारं पहिलं जनुक सापडलं. स्तनाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगाचे अभ्यासकही आज त्यावर काम करतात.

खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहेच. सोसायटीच्या वर्गणीतून काही उरलं तर तिथल्या संशोधनाला द्यावं, असं मी पुढच्या सभेत मांडणार आहे. विरोध होईल, लिफ्टचं कारण निघेल.