मदत हवी आहे: डर्ट बाईकसाठी सिंटर्ड ब्रेक पॅड घ्यावेत की ऑरगॅनिक?

मलप्रभाकाठ (खानापूर)
नमस्कार मंडळी. माझ्या गाडीचे ब्रेक पॅड अवघ्या दोन हजार किलोमीटरमध्ये संपले आहेत. येत्या रविवारी आम्ही चौघे जांबोटीच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर जाणार असल्याने नवे पॅड शनिवारपर्यंत बसवून व्हायला हवेत. बेळगावातल्या दुकानदाराने ऑरगॅनिक पॅड पुढे केले, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मिस्त्रींनी सिंटर्ड घ्या म्हणून सांगितले, आणि दोन्हींच्या किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. कृपया दोहोंपैकी कोणते घ्यावेत एवढेच सांगावे. ब्रेक कसा लागतो, हे मला ठाऊक आहे.

काळी_माती (निपाणी)
एवढ्या माहितीवर कोणीही नीट उत्तर देऊ शकणार नाही. गाडी कोणती, पॅड पुढच्या चाकाचे की मागच्या, आणि त्या दोन हजारांपैकी चिखलातले किलोमीटर किती, हे आधी लिहा. आमच्याकडची काळी माती कॅलिपरमध्ये (पॅड धरून पिस्टनने डिस्कवर दाबणाऱ्या भागात) थापल्यासारखी बसते, तर तुमच्याकडची लाल माती कचकचीत असते. दोन्हींचा पॅडवरचा परिणाम वेगळा होतो.

घाटवाट (बेळगाव)
गाडी कोणतीही असो, सिंटर्डच घ्या. यात तांब्यासारख्या धातूंची भुकटी दाबाखाली तापवून एकजीव केलेली असते, त्यामुळे पॅड ओला झाला किंवा तापला तरी पकड फारशी सुटत नाही. ऑरगॅनिक पॅड म्हणजे राळेत बांधलेले तंतू. जांभ्याची कच त्यात शिरली की सहाणेवर खोड उगाळावे तसा तो झिजतो. कणकुंबीच्या पावसात चोर्ला घाटाकडे जाताना मी दोन्ही प्रकार वापरून पाहिले आहेत आणि ऑरगॅनिकचा एक जोड माझ्याकडे पूर्ण पावसाळाही टिकला नाही. घेताना पॅडच्या पाठीवरची दोन इंग्रजी अक्षरे पाहा. पहिले अक्षर थंड असतानाच्या घर्षणाचे आणि दुसरे तापल्यानंतरच्या घर्षणाचे असते. एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55 आणि एच म्हणजे त्याहून अधिक. एचएच असलेले घेतलेत तर पश्चात्ताप होणार नाही.

चंदगडी
घाटवाट, पकड जितकी तीव्र तितका ब्रेक चांगला, हा विचार डांबरी रस्त्यापुरता ठीक आहे. सुट्या मातीवर उतारात मागचे चाक लॉक झाले की गाडी आडवी होते, आणि म्हणूनच तिथे पायाला ब्रेक किती लागतो आहे हे हळूहळू कळणे जास्त महत्त्वाचे असते. ऑरगॅनिक पॅड ती जाणीव चांगली देतो. शिवाय डिस्क सिंटर्डसाठी बनवलेली नसेल तर पॅड टिकेल, पण डिस्क खाल्ली जाईल, आणि डिस्कची किंमत पॅडच्या कितीतरी पट असते.

मलप्रभाकाठ
गाडी एक्सपल्स 200, 2020 चे मॉडेल. पॅड मागचे आहेत. कच्च्या वाटेवर मागचेच आधी संपतात, म्हणून वेगळे लिहिले नव्हते. दोन हजारांपैकी निम्मे तरी चिखलातले असतील. आता कृपया कोणते घ्यावेत ते सांगा.

घाटवाट
मग तर प्रश्नच नाही, चिखलात सिंटर्ड. आणि चंदगडी, डिस्क खाल्ली जाईल ही भीती मोजून दूर करता येते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) लावा, जाडी त्याहून बरीच जास्त असेल तर निश्चिंत राहा.

चंदगडी
मोजणे आवश्यकच आहे, पण मुद्दा डिस्कचाच नाही. या गाडीला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला आहे, म्हणजे मागचे चाक सांभाळायला चालवणाऱ्याचा पाय सोडून दुसरे काही नाही. तिथे एचएच देणे मला पटत नाही.

काळी_माती
ब्रेकचा द्रव कधी बदललात? हा द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो. डॉट 4 प्रतीचा द्रव नवा असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते, आणि लांब उतारात पेडल मऊ पडते. आपल्याकडचा पाऊस पाहता दोन वर्षांत एकदा बदलणे हिताचे.

मलप्रभाकाठ
द्रवाविषयी मी विचारले नव्हते, पेडल घट्ट आहे. आज गुरुवार आहे.

जुना_फिटर (शहापूर, बेळगाव)
तुमची घाई समजते, तरीही पैसे देण्याआधी एक काम करा. जुने दोन्ही पॅड शेजारी शेजारी ठेवा आणि कोणता किती झिजला आहे ते इथे लिहा.

मलप्रभाकाठ
दादा, मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजले. पिस्टनच्या बाजूचा पॅड लोखंडी पाटीपर्यंत गेला आहे, एका कडेला तर पाटीच चकाकते आहे. बाहेरच्या पॅडवर मात्र अजून जवळजवळ तीन मिलिमीटर मसाला (घासणारा थर) शिल्लक आहे. हे माझ्या आधी लक्षात आले नव्हते.

जुना_फिटर
मग दोष पॅडच्या जातीत नाही. या गाडीचा कॅलिपर पिनांवर सरकतो. पिस्टन आतल्या पॅडला दाबतो आणि कॅलिपर मागे सरकून बाहेरच्या पॅडला ओढतो, तेव्हा कुठे दोन्ही सारखे लागतात. पिना अडकल्या की कॅलिपर जागचा हलत नाही, सगळे काम आतल्या पॅडवर पडते आणि ब्रेक सोडल्यावरही तो डिस्कला चिकटून राहतो. दोन किलोमीटर ब्रेक न दाबता गाडी चालवून डिस्कवर पाण्याचे थेंब टाकले आणि चर्र असा आवाज आला, तर खात्री समजा. गाडी प्रेशरच्या पाण्याने धुता का?

मलप्रभाकाठ
दर फेरीनंतर धुतो, आणि चिखल निघावा म्हणून फवारा मुद्दाम कॅलिपरवरच धरायला सांगतो.

जुना_फिटर
त्या फवाऱ्याने पिनांवरची रबरी टोपणे सरकतात, ग्रीस धुऊन जाते आणि आत पाणी साचून गंज धरतो. पिना बाहेर काढून बारीक पॉलिश पेपरने साफ करा, टोपणे फाटली असतील तर नवी घ्या आणि फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. गॅरेजमध्ये बेअरिंगसाठी असलेले साधे ग्रीस हाताशी असते म्हणून तेच लावतात. त्याने रबर फुगते आणि महिन्याभरात पिना पुन्हा अडकतात. पिस्टन आत ढकलण्याआधी त्याची उघडी बाजू ब्रेकच्या द्रवाने पुसून घ्या, नाहीतर चिखल सीलमध्ये जाईल. पॅडचे म्हणाल तर पावसाळ्यापुरते घाटवाट यांचे म्हणणे मला योग्य वाटते, पण हे काम न करता सिंटर्ड बसवलेत तर तोही एकाच बाजूने जाईल, आणि सोबत डिस्कही.

मलप्रभाकाठ
एक पिन हाताने निघाली, दुसरी मात्र पान्याने फिरवत फिरवत काढावी लागली. तिच्यावर तांबूस गंजाचा थर होता आणि टोपण चिरलेले होते. टोपणे बदलली. आता कॅलिपर दोन बोटांनी सरकतो आणि इंजिनखाली ठोकळा लावून फिरवले तर चाक मोकळे फिरते. डिस्कची जाडी कोरलेल्या आकड्यापेक्षा चांगली जास्त भरली, म्हणून सिंटर्ड घेतले. जुना फिटर दादा, मनःपूर्वक आभार. काळी माती, द्रवही बदलून घेतला, कारण बाटलीतला चहासारखा काळपट झाला होता.

चंदगडी
निवड तुमची, पण दोन गोष्टी विसरू नका. पिस्टन आत ढकललेला असल्याने पहिल्यांदा पेडल दाबाल तेव्हा ते थेट खाली जाईल. गाडी जागेवर असतानाच ते घट्ट होईपर्यंत दाबून घ्या. आणि शनिवारी संध्याकाळी कोरड्या डांबरी रस्त्यावर मध्यम वेगातून वीस-पंचवीस वेळा हलका ब्रेक लावून, मध्ये डिस्क निवू देऊन पॅड डिस्कशी घासून नीट जुळवून घ्या. नवा सिंटर्ड तसाच घेऊन जांबोटीच्या उतारावर जाऊ नका.