अमेरिकेतला बायर चॅप्टर ११ मध्ये गेला. तिकडचा वकील ‘कमर्शियल लॉ लीग’चा मेंबर आहे म्हणतो, त्याचा आपल्याला काय उपयोग?

टॉवेलवाला_एमआयडीसी

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, वडिलांच्या वेळी चादरी होत्या, आता निम्म्याहून जास्त माल बाहेर जातो. अमेरिकेतल्या एका इम्पोर्टरला बरीच वर्षं माल द्यायलोय, आधी एलसीवर (बँकेच्या हमीवर), मग ओळख झाली म्हणून डीए ९० दिवसांवर, म्हणजे माल आधी आणि पैसे ९० दिवसांनी, आणि आता त्यानं न्यू जर्सीत चॅप्टर ११, म्हणजे तिकडच्या कायद्याखाली दिवाळखोरीचा अर्ज, फाईल केलंय. जुनी बिलं अडकलेली आहेतच, वर शेवटचा कंटेनर त्याच्या गोडाऊनला पोचला आणि थोड्याच दिवसात ही बातमी आली.

आता रोज ईमेल यायलेत. कोर्टाची नोटीस इंग्लिशमध्ये, ती कशीबशी वाचली. एक कंपनी म्हणते तुमचा क्लेम आम्हाला विका, डॉलरमागं काही सेंट देतो. आणि तिथल्या एका वकिलाचा मेल आलाय की मी क्रेडिटर्स राइट्सचंच, म्हणजे ज्यांचे पैसे येणं आहे त्यांच्या बाजूचं काम करतो, कमर्शियल लॉ लीग ऑफ अमेरिकाचा मेंबर आहे, तुमचं काम टक्केवारीवर करतो. आमच्या सीएला विचारलं तर तो म्हणाला असली असोसिएशन तिकडं पायलीला पन्नास. मला एवढंच कळू द्या, ही लीग काय भानगड आहे, खरी आहे का, आणि वकील तिचा मेंबर असल्यानं माझे पैसे यायचा चान्स वाढतो का? आपल्याकडं वकिलाच्या बोर्डावर असलं काही लिहिलेलं बघितलं नाही म्हणून विचारायलोय.

चाटीगल्लीचा_आण्णा

मालक, असोसिएशन म्हणजे वर्षाला एक जेवण, शाल श्रीफळ आणि पेपरात ग्रुप फोटो. इथलं काय न् तिथलं काय. पैसे बुडाले ते बुडाले, इन्शुरन्स होता का ते सांगा आधी.

सातरस्ता_वकील

आण्णा, जेवणाचं खरं आहे, पण ही लीग बोगस नाही. १८९५ ला डेट्रॉइटमध्ये स्थापन झालेली, म्हणजे सव्वाशेच्या वर वर्षं झाली. आणि ती कशाला निघाली हे कळलं की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

त्या काळात अमेरिकेत टिकाऊ असा देशभराचा दिवाळखोरी कायदाच नव्हता, तो १८९८ ला आला. आधीचे आले आणि रद्द झाले, प्रत्येक राज्याचा आपला वेगळा नियम. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यानं लांबच्या गावात उधारीवर माल दिला आणि पार्टीनं हात वर केले तर तिथला वकील गाठायला लागणार, आणि तो वकील कसा आहे, वसूल केलेले पैसे पाठवेल का स्वतःच ठेवेल हे न्यूयॉर्कमध्ये बसून कळणार कसं? मग एका गावचा वकील दुसऱ्या गावच्या वकिलाकडं काम पाठवायचा, त्यासाठी वकिलांच्या छापील याद्या असायच्या, त्यांना लॉ लिस्ट म्हणत. ह्या धंद्यातल्या लोकांना एकमेकांशी वागायचे काही नियम पाहिजे होते, त्यातून अशी संघटना. मेंबर फक्त वकील नाहीत, वसुली एजन्सीवाले आणि क्रेडिटचं काम बघणारे पण आहेत. उधारी देणाऱ्या कंपन्यांच्या क्रेडिट मॅनेजर लोकांची वेगळी संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ क्रेडिट मॅनेजमेंट, ती पुढच्याच वर्षी १८९६ ला निघाली. म्हणजे एकीकडं उधारी देणारे आणि दुसरीकडं ती वसूल करून देणारे, दोघांनी आपापली दुकानं मांडली.

आता लीग काय करते, तर मेंबरांची डिरेक्टरी, ट्रेनिंग, अधिवेशनं. वसुली एजन्सींना सर्टिफिकेट देते, त्यात क्लायंटचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा वगैरे अटी असतात. दिवाळखोरी कायद्यात बदल व्हायचा असला की तिकडच्या संसदेपुढं बाजू मांडते, मोठ्या केसमध्ये कोर्टात अमायकस (पक्षकार नसलेला, कोर्टाला मदत करणारा) म्हणून म्हणणं देते. हे शेवटचं लोकांना फालतू वाटतं पण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण कर्जदार कंपनी आणि मोठ्या बँकांकडं वकिलांची फौज असते, दोन कंटेनरवाल्याच्या बाजूनं बोलायला कोणीतरी कायम तिथं हजर पाहिजे ना.

पण चान्स वाढतो का? नाही. वर्गणी भरून मेंबर होणं वेगळं आणि परीक्षा देऊन सर्टिफाइड होणं वेगळं. अमेरिकन बोर्ड ऑफ सर्टिफिकेशन नावाची संस्था आहे, ती बिझनेस बँकरप्सी, कन्झ्युमर बँकरप्सी आणि क्रेडिटर्स राइट्स ह्या विषयात वकिलांना तपासून सर्टिफिकेट देते. त्या वकिलाला सरळ विचारा ते आहे का. आणि त्याचं लायसन्स चालू आहे का, कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का हे त्याच्या राज्याच्या साईटवर बघा, फुकट दिसतं.

टक्केवारीचं म्हणाल तर तिकडं चालतं. आपल्याकडं बार कौन्सिलच्या नियमात निकालावर अवलंबून फी घेता येत नाही, आणि जाहिरात करून काम मागायलाही बंदी, म्हणून असला मेल बघून आपल्याला फ्रॉड वाटतो. तो फ्रॉडच असेल असं नाही.

न्यूजर्सीची_लेक

मी मूळची होटगी रोडची, इथे न्यू जर्सीत एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांची कागदपत्रं बघणारी मदतनीस) आहे. वकील नाही, त्यामुळे सल्ला समजू नका, रोज जे बघते ते सांगते.

दादा, पहिली गोष्ट म्हणजे प्रूफ ऑफ क्लेम, म्हणजे तुमचं किती येणं आहे ते कोर्टाला सांगणारा फॉर्म, भरायला वकील लागत नाही. फॉर्म ४१०, ऑनलाईन भरता येतो, फी नाही. नोटीसमध्ये बार डेट दिलेली असेल, ती शेवटची तारीख, ती चुकली की क्लेम जवळजवळ गेलाच समजा. कोर्टात उभं राहायचं झालं तर मात्र कंपनीला वकील लागतोच.

दुसरं, तुम्ही म्हणता शेवटचा कंटेनर फायलिंगच्या थोडेच दिवस आधी पोचला. तो नेमका किती दिवस आधी? फायलिंगच्या आधीच्या २० दिवसात बायरला मिळालेला माल असेल तर त्याचे पैसे इथल्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५०३(बी)(९) खाली वरच्या रांगेत येतात, म्हणजे तुमच्या बाकीच्या बिलांना सेंट मिळत असतील तेव्हा त्या कंटेनरला पूर्ण डॉलर मिळायची शक्यता असते. आणि माल ‘मिळाला’ कधी ह्यावर आमच्या सर्किटचा, म्हणजे ह्या भागाच्या वरच्या अपील कोर्टाचा (थर्ड सर्किट) निकाल आहे, २०१७ चा, वर्ल्ड इम्पोर्ट्स केस, चीनच्या सप्लायरनी लढवली होती. खालच्या कोर्टांनी म्हटलं होतं की एफओबी माल आहे (जहाजावर चढला की जोखीम बायरची), चीनच्या बंदरात जहाजावर चढला तेव्हाच मिळाला. थर्ड सर्किटनं सांगितलं तसं नाही, बायरच्या किंवा त्याच्या माणसाच्या प्रत्यक्ष ताब्यात आला तेव्हा मिळाला. न्यू जर्सी थर्ड सर्किटमध्येच येतं. म्हणजे तुमचा कंटेनर न्हावा शेवाहून कधी निघाला ते बघू नका, तिथल्या गोडाऊनला कधी उतरला ते बघा.

म्हणून क्लेम विकायची घाई करू नका, घेणारे आधी हेच बघतात की यात २० दिवसाचा भाग किती आहे.

ह्या कामात मुरलेला वकील आणि साधा वकील यातला फरक असल्या ठिकाणी दिसतो. घराचे कागद करणाऱ्या वकिलाला हे कलम माहीत असेलच असं नाही. लीगची डिरेक्टरी त्यासाठी बरी, निदान माणूस ह्याच गल्लीतला आहे एवढं कळतं.

टॉवेलवाला_एमआयडीसी

ताई मनापासून आभार, हे २० दिवसाचं कोणीच बोललं नव्हतं, तो मेलवाला वकील पण नाही. त्यानं फक्त पहिला एग्रीमेंट सही करून पाठवा एवढंच धरून ठेवलंय. आमच्या फॉरवर्डरकडून (माल पाठवायची व्यवस्था बघणाऱ्याकडून) डिलिव्हरीची तारीख मागवतो.

आण्णा, ईसीजीसीची (सरकारी एक्सपोर्ट इन्शुरन्स कंपनी) पॉलिसी आहे, पण ह्या बायरची लिमिट कमी होती, आम्ही वाढवून घेतली नाही, सगळं काही कव्हर नाही.

चाटीगल्लीचा_आण्णा

मग ईसीजीसीला कळवलंय ना? ते आधी करा. आणि बँकेला पण सांगून ठेवा, नाहीतर ईडीपीएमएसमध्ये (एक्सपोर्टचे पैसे आले का ते बघायची रिझर्व्ह बँकेची सिस्टीम) ते शिपिंग बिल उघडंच राहतंय आणि उद्या दुसऱ्या मालाला बँक आडवी लागते.

हुरडा_आणि_हिशोब

मी पण टॉवेलवालाच. आता कमी केलंय. एक गोष्ट सांगतो जी तुम्हाला दीड दोन वर्षांनी कामी येईल. आमचा एक बायर असाच गेला होता, आम्ही क्लेम भरला, विसरून गेलो, आणि मग एक दिवस ट्रस्टीच्या (दिवाळं निघालेल्या कंपनीची मालमत्ता बघणाऱ्याच्या) वकिलाचं पत्र, की दिवाळं काढायच्या आधीच्या ९० दिवसात तुम्हाला जे पेमेंट केलंय ते परत करा. डोकंच फिरलं, आमचाच माल, आमचेच पैसे, आणि वर आम्हीच परत करायचे! त्याला प्रेफरन्स म्हणतात. एकाला आधी देऊन दुसऱ्याला उपाशी ठेवलं असं व्हायला नको, हा त्यामागचा विचार.

इथं बऱ्याच जणांनी सांगितलं पत्र फाडून टाक, अमेरिकेचा जज सोलापुरात येतोय का. पण आम्ही तसं केलं नाही, त्याच कामातल्या वकिलाला धरलं. त्यानं आमची आधीची दोन तीन वर्षांची सगळी बिलं आणि पेमेंटच्या तारखा मागवल्या आणि दाखवलं की हा बायर नेहमीच उशिरा, नेहमीच तेवढ्याच दिवसांनी पैसे द्यायचा, शेवटच्या ९० दिवसात काही वेगळं झालं नाही. ऑर्डिनरी कोर्स म्हणतात त्याला. आणि त्या पेमेंटनंतर आम्ही नवा माल उधारीवर दिला होता, त्याचीही वजावट मिळाली. मागितलं त्याच्या अगदी थोड्यात मिटलं. म्हणून सांगतो, टॅलीतला सगळा लेजर, ईमेल, स्विफ्ट कॉपी (बँकेतून पैसे आल्याचा कागद) आत्ताच एका जागी ठेवा.

सातरस्ता_वकील

हे पत्र फाडायच्या सल्ल्याबद्दल. अर्धं खरं आहे. अमेरिका आपल्या सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम ४४ए खाली रेसिप्रोकेटिंग टेरिटरी, म्हणजे जिथल्या कोर्टाची डिक्री इथं थेट चालते असा देश, नाही, त्यामुळं तिकडची डिक्री आणून सोलापूरच्या कोर्टात थेट दरखास्त लावता येत नाही, त्यांना इथं नवा दावा करायला लागतो. यूके, सिंगापूर, युएईचं तसं नाही. पण ज्याला तिकडं अजून धंदा करायचाय किंवा ज्याचा त्याच केसमध्ये क्लेम पडून आहे त्यानं फाडू नये, कारण प्रेफरन्सचे पैसे देईपर्यंत तुमचा क्लेमच अडवून ठेवायची तरतूद आहे, कलम ५०२(डी). आणि ही काही अमेरिकेचीच खोड नाही, आपल्या आयबीसीत (दिवाळखोरी कायद्यात) पण कलम ४३ आहे, तिथं तर मागचं एक वर्ष बघतात, आणि आतल्या माणसाला पैसे दिले असतील तर दोन वर्षं.

नवीपेठ_ज्युनिअर

मी नुकतीच सनद घेतली आहे म्हणून विचारते सर, आपल्याकडे असं फक्त वसुलीचं काम करणाऱ्या वकिलांचं का नाही? सोलापुरात तर उधारीवरच सगळं चालतं.

सातरस्ता_वकील

आपल्याकडं बार असोसिएशन कोर्टानुसार असतात, कामानुसार कमी. सकाळी १३८ (चेक बाऊन्स), दुपारी पोटगी, संध्याकाळी सात-बारा असं चालतं आपलं, पोट त्याच्यावर आहे. दिवाळखोरीच्या बाजूला आयबीबीआयनं (दिवाळखोरी बोर्डानं) इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनलची एक वेगळी जात तयार केली, त्यांना परीक्षा आहे, एजन्सीचं मेंबर व्हायलाच लागतं, ते आपल्याकडं लीगपेक्षाही कडक आहे. पण ती माणसं केस चालवायची, धनकोची बाजू मांडणारी नाहीत. आणि एनसीएलटीला (कंपन्यांच्या दिवाळखोरीचं ट्रिब्युनल) जायला ऑपरेशनल क्रेडिटरची, म्हणजे मालाचे पैसे अडकलेल्याची, किमान येण्याची मर्यादा २०२० पासून एक कोटी झाली, आपला चादरवाला तिथवर पोचतच नाही.

त्याच्यासाठी जे आहे ते वेगळ्या वेगळ्या कायद्यात विखुरलंय. एमएसएमई (लघुउद्योग) कायद्यात पैसे द्यायला ४५ दिवसाची मुदत, नंतर बँक रेटच्या तिप्पट व्याज आणि तेही दर महिन्याला चक्रवाढ, वाद मिटवायला फॅसिलिटेशन कौन्सिल. निवाड्याला आव्हान द्यायचं तर समोरच्यानं आधी ७५ टक्के भरायचे. कमर्शियल कोर्टात २०१८ पासून तीन लाखापासूनचे दावे चालतात, पण तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मेडिएशन करायलाच लागतं, सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनमध्ये ते सक्तीचं आहे म्हणून सांगितलं, तरी लोक थेट दावा टाकतात आणि तो फेटाळला जातो. चेक बाऊन्सचं ३० दिवसात नोटीस, मग समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. हे सगळं एकत्र माहीत असलेला माणूस जिल्ह्यात कमीच. आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय ऑगस्ट २०२५ पासून, मुंबईची रात्रीची गाडी वाचली, तर तुमच्यासारख्या पोरींनी चार जण मिळून महिन्यातून एकदा ह्याच विषयावर बसायला सुरुवात करावी. नाव लीग ठेवा नाहीतर भिशी ठेवा.

नवीपेठ_ज्युनिअर

भिशीच ठेवते सर, लोक येतील तरी.

टॉवेलवाला_एमआयडीसी

फॉरवर्डरचा मेल आला. कंटेनर त्याच्या गोडाऊनला फायलिंगच्या १६ दिवस आधी उतरलाय. बी/एलवरची (जहाजाच्या पावतीवरची) तारीख मात्र दीड महिना आधीची आहे, मग क्लेमला कुठला कागद लावू? त्या लीगवाल्या वकिलाला आज सरळ विचारलं की ५०३(बी)(९) बद्दल काय करणार, तर म्हणाला ते आमच्या फीमध्येच धरलंय.

न्यूजर्सीची_लेक

बी/एल लावा पण त्याच्यावर थांबू नका, ट्रकवाल्याची सही असलेली डिलिव्हरी रिसीट मिळवा, त्यावर तारीख आणि गोडाऊनचा पत्ता पाहिजे. आणि २० दिवसाच्या क्लेमची तारीख कधीकधी वेगळी असते, फॉर्मही वेगळा असतो, कोर्टाची ऑर्डर नीट बघा. तो वकील ह्या एका कंटेनरवर पण टक्केवारी घेणार असेल तर त्याला म्हणा ह्याची ठोक फी सांग, कारण हे काम फारसं भांडायचं नाही, कागदाचं आहे.

चाटीगल्लीचा_आण्णा

आणि सही करायच्या आधी ते एग्रीमेंट सातरस्ता वकिलांना दाखवा मालक. ते फी घेतील, पण मराठीत सांगतील.