मोटरहोम घेताना किती ॲव्हरेज धरावे?

प्रश्न :
आम्ही दोघे आणि दोन शाळकरी मुले, असे चौघांसाठी वापरलेले डिझेल मोटरहोम पाहत आहोत. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली उंच गाडी मुलांनी पसंत केली आहे. मला मात्र व्हॅनच्याच सांगाड्यात घर बसवलेली आटोपशीर गाडी बरी वाटते. दोन्हींचे इंजिन एकच असल्यामुळे ॲव्हरेजही सारखेच, असे विक्रेता सांगतो. वर्षाकाठी ६,००० किलोमीटर फिरणे होईल. अनुभवी मंडळींनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद १ :
इंजिन एक असले तरी ॲव्हरेज सारखे येणार नाही. हमरस्त्यावर डिझेलचा मोठा वाटा हवा कापण्यात खर्च होतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून अधिक होतो. उंच गाडीला पुढून हवेचा सामना अधिक करावा लागतो. व्हॅनला लिटरमागे १० आणि उंच गाडीला ८ किलोमीटर धरल्यास तुमच्या फिरण्यात वर्षाला ६०० आणि ७५० लिटर लागतील. आता या १५० लिटरसाठी चौघांनी पावसाचे दिवस एकमेकांच्या पायांत पाय अडकवून काढायचे का, हे तुम्हीच ठरवा; मी तरी उंच गाडी घेऊन ती ताशी ८०-८५ ने चालवीन.

प्रतिसाद २ :
वरील मताशी सहमत आहे, परंतु वजनाकडे दुर्लक्ष करू नये. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो वाढतात आणि घाटात ते लगेच जाणवतात. मुक्कामी पाणी मिळणार असेल तर आम्ही टाकी पाव भरूनच निघतो. गाडीवरील पट्टीवर कमाल वजन लिहिलेले असते. सामान आणि माणसांसह गाडी एकदा काट्यावर चढवून ते पडताळावे, कारण चार जणांच्या गाडीत ही मर्यादा फार लवकर गाठली जाते. ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असेच मोजावे. हीटर त्याच टाकीतले डिझेल घेत असेल, तर थंडीतला हिशेब फसवा निघतो. आमच्या टपावरच्या पेटीचे झाकण वेगात शीळ घालू लागले, तेव्हा कुठे ती रिकामी पेटी आम्ही वर्षभर वाहत होतो हे ध्यानात आले.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. शनिवारी दोन्ही गाड्यांत चौघेही आडवे होऊन पाहू, आणि वजनाची पट्टी वाचल्याशिवाय विसार देणार नाही.