परीक्षांच्या आठवड्यातले आपले दिवस : अनुभव धागा

कॉलेजांत इंटर्नल, शाळांत दहावीची पूर्वपरीक्षा आणि पीयूसीची (कर्नाटकातली अकरावी-बारावी) प्रात्यक्षिके एकाच सुमारास आली, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या घरांचे वेळापत्रकच बदलून जाते. अभ्यास कसा करावा याचे सल्ले पुष्कळ मिळतात, ते येथे नकोत. या धावपळीत घरात, बसमध्ये, वर्गात तुमच्या नजरेस जे पडले, ते लिहावे.

विद्यार्थिनी, चंदगड तालुका

माझे गाव महाराष्ट्रात आणि कॉलेज बेळगावात. लाल परीत 2023 च्या मार्चपासून आम्हां महिलांना अर्धे तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच, त्यामुळे शिनोळी मागे पडली की पुढचे भाडे पूर्ण लागते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कर्नाटकात महिलांना मोफत बसप्रवासाची शक्ती योजना सुरू झाली आणि उचगावची माझी मैत्रीण आधार कार्ड दाखवून शून्य रुपयांच्या तिकिटावर येऊ लागली. एरवी यावरून आमची थट्टामस्करी चालते. इंटर्नलच्या आठवड्यात मात्र ती फुकटच्या बसला इतकी गर्दी असते म्हणून कुरकुरते, आणि मी पैसे मोजून खिडकीशी बसून युनिट टेस्टचे प्रश्न वाचत येते. हिंडलगा आले की वाचन आपोआप थांबते, कारण तेथून पुढे उभ्या प्रवाशांच्या पिशव्या मांडीवर येऊ लागतात.

झेरॉक्स दुकानदार, टिळकवाडी

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अख्खा वर्ग एकाच वहीच्या बॅक टू बॅक प्रती काढून नेतो. त्या वहीतले अक्षर मला आता पाठ झाले आहे. वहीची मालकीण मात्र दुकानात कधी आलेली नाही.

पालक, खानापूर तालुका

मुलगा एरवी रोज ये-जा करतो, पण प्रात्यक्षिकांच्या दिवसांत मित्राच्या खोलीवर राहतो आणि त्याचा डबा सकाळच्या पहिल्या बसने जातो. भात पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावायचे नाही, नाहीतर दुपारपर्यंत आंबूस वास येतो. आमटीच्या डब्याला झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालायचा आणि वरून फडक्याची घट्ट गाठ मारायची, एवढे नियम घरात सर्वांना ठाऊक झाले आहेत. डब्यावर ऑइल पेंटने गावाचे नाव आहे. कंडक्टर कन्नड भाषक आहेत. डबा इंजिनाजवळ ठेवल्यास गरम राहील, हे त्यांनीच आम्हांला सुचवले. (आमटी तापून सांडेल ही माझ्या सासूबाईंची भीती अजून गेलेली नाही.) संध्याकाळच्या फेरीत रिकामा डबा परत येतो आणि त्यात उरलेल्या भाकरीवरून पेपर कसा गेला असेल, याचा अंदाज आमच्या घरी बांधला जातो. फोनवर तो नेहमीच ‘बरा गेला’ म्हणतो.

शिक्षक, मराठी माध्यमाची शाळा

एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, 625 गुणांपैकी पहिल्या भाषेला 125 आहेत आणि उरलेल्या प्रत्येक विषयाला 100. म्हणजे आमच्या मुलांसाठी सर्वांत वजनदार पेपर मराठीचा. तरीही पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात व्हरांड्यात बसलेल्या मुलांच्या हातात मी मराठीचे पुस्तक क्वचितच पाहतो. घरात बोलतो ती भाषा, तिचा काय अभ्यास करायचा, असा पालकांचाही समज असतो आणि व्याकरणाचे हक्काचे गुण त्यातच जातात. यंदा मराठीच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम जादा तास ठेवला. अर्धाअधिक वर्ग गणिताची वही घेऊन आला होता.