शेततळ्याच्या तळाचा काळा गाळ बॅक्टेरिया पावडरने खरंच कमी होतो का?

डाळिंबवाला_सांगोला:
नमस्कार मंडळी. आमचं शेततळं 30 बाय 30, खोली 3 मीटर, 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरलाय. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी मोटरीने उचलून भरतो आणि पुढं उन्हाळ्यापर्यंत डाळिंबाला ड्रिपने देतो. त्यात रोहू, कटला आणि सायप्रिनस सोडलेत, रोज शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा टाकतो. सुरुवातीला काही त्रास नव्हता, आता तळाला वीतभर काळा गाळ झालाय, बांबू खुपसला की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. ड्रिपचा डिस्क फिल्टर सारखा धुवावा लागतोय, गडी वैतागलाय. फेब्रुवारीत पाणी हिरवंगार झालं म्हणून मोरचूद फडक्यात बांधून सोडलं, शेवाळ गेलं पण त्यानंतर गाळ वाढल्यासारखाच वाटतोय. आता दुकानदार म्हणतो गाळ खाणारे बॅक्टेरिया आलेत, पंधरा दिवसाला किलोभर टाका, तीन महिन्यात तळ दिसेल. आमचे पाहुणे म्हणतात कशाला पैसे घालवता, जीवामृताचा एक बॅरल ओता. कोणी वापरलंय का? खरं सांगा, जाहिरात नको.

रानमाणूस:
आधी तो बांबू बाजूला ठेवा, कागदाला भोक पडलं तर गाळासकट पाणी पण जाईल 😄

मत्स्यमित्र_इंदापूर:
मी वापरतो, मला फरक पडला. वास गेला, पाण्याचा रंग सुधारला, मासे खाद्याला जोरात येतात. पण खरं सांगायचं तर पावडर चालू केली त्याच हंगामात ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) पण बसवला आणि खाद्य पण कमी केलं, त्यामुळे नेमकं कशाने झालं ते छातीठोकपणे नाही सांगू शकत. जीवामृत मात्र अजिबात नको, शेण आणि गूळ म्हणजे तळ्यात आणखी सडणारा माल टाकायचा, ढगाळ हवा असली तर पहाटे मासे उलटे दिसतील.

सूक्ष्मजीववाली:
दादा, मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय आणि घरी शेती आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर शेवटचं तेवढं वाचा.

या पावडरीत बहुतेक बॅसिलस जातीचे बॅक्टेरिया असतात, सबटिलिस, लायकेनिफॉर्मिस वगैरे. ते बीजाणू करतात म्हणून कोरड्या पाकिटात टिकतात. ते खोटे नाहीत, खरंच पेंड, कोंडा, विष्ठा, मेलेलं शेवाळ असलं सगळं खातात. (पाकिटावर नायट्रोसोमोनास लिहिलं असेल तर जरा शंका घ्या, ते बीजाणू करत नाहीत, कोरड्या पावडरीत त्यांचं जगणं अवघड.) पण हिशोब बघा. तुमच्या मापाच्या तळ्यात उतार 1:1 धरला तर भरल्यावर साधारण 22 लाख लिटर पाणी मावतं. पाकिटावर ग्रॅमला 100 कोटी लिहिलंय असं समजा, तर किलोभर पावडर त्यात पसरल्यावर मिलिलिटरला जेमतेम साडेचारशे बॅक्टेरिया येतात. आणि तळाच्या त्याच काळ्या गाळात ग्रॅममागे कोट्यवधी आधीपासून बसलेत. मग ते का खात नाहीत गाळ? कारण खाली हवा नाही.

22 लाख लिटर पाणी 30 डिग्रीला ऑक्सिजनने पूर्ण भरलेलं असलं तरी त्यात एकूण ऑक्सिजन असतो साडेसोळा किलोच्या आसपास, बस. आणि 1 किलो सेंद्रिय कार्बन पूर्ण जाळायला बॅक्टेरियाला 2.67 किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे तळ्यातला सगळा ऑक्सिजन माशांना न देता बॅक्टेरियाला दिला तरी 6 किलो कार्बन जिरेल. दिवसा शेवाळ आणि वारा भर घालत राहतात हे खरं पण ते वरच्या थरात, उन्हाळ्यात वरचं गरम पाणी खालच्या गार पाण्यात मिसळत नाही आणि तळ उपाशीच राहतो. मग तिथे बिनहवेचे बॅक्टेरिया कामाला लागतात, ते सावकाश खातात आणि मिथेन, हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तुमचे बुडबुडे आणि तो अंड्याचा वास हेच. कमतरता बॅक्टेरियाची नाही, हवेची आहे. म्हणजे पैसे घालायचेच तर आधी ब्लोअरमध्ये घाला, पावडर त्याच्या नंतर.

मोरचुदाचं म्हणाल तर शेवाळ गेलं कुठे? मेलं आणि तळाला बसलं, तोच तुमचा नवीन गाळ. शिवाय मोरचुदातलं तांबं बॅक्टेरियाला पण मारतं, त्यामुळे मोरचूद, पोटॅश परमँगनेट किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून लगेच पावडर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठात क्लॉड बॉइड यांनी कॅटफिशच्या तळ्यांवर असे प्रयोग केलेत. 1984 च्या प्रयोगात पाण्याच्या गुणवत्तेत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. 1998 मध्ये परत केला, तेव्हाही पाण्यात फरक नाही पण बॅक्टेरिया टाकलेल्या तळ्यांत मासे जास्त वाचले. म्हणजे इंदापूरवाल्या दादांचं पाणी सुधारलं ते बहुधा ब्लोअर आणि कमी खाद्यामुळे.

डाळिंबवाला_सांगोला:
ताई धन्यवाद, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. म्हणजे ब्लोअर बसवला की वीतभर गाळ जाईल का मग?

सूक्ष्मजीववाली:
सगळा नाही जाणार आणि हेच दुकानदार सांगत नाहीत. तुमच्या तळ्याचा तळ 24 बाय 24 मीटर येतो, त्यावर वीतभर थर म्हणजे सव्वाशे घनमीटरच्या आसपास ओला गाळ. इतक्या दिवसात पेंड-कोंडा कितीही टाकला असला तरी नुसत्या त्यातून एवढा थर होणं कठीण आहे, यात ओढ्याची माती भरपूर असणार. माती कुठलाच बॅक्टेरिया खात नाही. काळा रंग बघून फसायला होतं, थोडा सेंद्रिय माल आणि सल्फाइड मिसळलं तरी पिवळी माती काळीकुट्ट दिसते.

घरी बघायचं असेल तर एक इंची पीव्हीसी पाईप उताराच्या कडेने हळू खाली सोडा, वरचं तोंड तळहाताने दाबून वर काढा, गाळ काचेच्या बरणीत पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात जे खाली बसलं ती रेती, त्यानंतर तासा-दोन तासात बसते ती पोयटा माती, दुसऱ्या दिवशी पण पाणी गढूळ राहिलं तर चिकण माती, आणि वर जो काळपट मऊ लोळ तरंगतो तेवढाच बॅक्टेरियाच्या कामाचा. लोळ जाड निघाला तर उपचाराला अर्थ आहे, नुसती माती निघाली तर उपसा हाच उपाय.

मत्स्यमित्र_इंदापूर:
ताई बरोबर बोलल्या. फिल्टरचं सांगतो, त्याला गाळ संपायची वाट बघायची गरजच नाही. तुमचा फूट व्हॉल्व्ह (मोटरीच्या पाईपचं पाणी ओढणारं तोंड) तळाला टेकलेला असणार, तो रिकाम्या कॅनला बांधून पाण्याच्या वरच्या पातळीपासून दोन फूट खाली तरंगता ठेवा. अगदी वर ठेवला तर शेवाळ ओढेल, खाली ठेवला तर गाळ. फिल्टर धुणं निम्म्यावर येईल.

आणि खाद्य. पेंड नुसती फेकू नका, गोणीला भोकं पाडून दोरीने टांगा, मासे येऊन ओढून खातात, उरलेलं दिसतं तरी. खाद्यातला नत्र माशाच्या अंगात चौथा हिस्सा धरा, बाकी पाण्यातच राहतो. सायप्रिनस तळ उकरतो त्यामुळे पाणी सतत गढूळ राहतं, पुढच्या वेळी बोटुकली (माशांची पिल्लं) घेताना तो कमी घ्या.

तलावप्रेमी_ठाणे:
थोडं विषयाला सोडून, पण गावतळ्यांच्या बाबतीत पण हेच बघितलंय. आमच्याकडे लोक उत्साहाने गूळ-कोंड्यात सूक्ष्मजीव घालून गोळे करून तळ्यात फेकतात, फोटो छान येतात. पवई तलाव 1891 चा, केंद्राच्या सरोवर संवर्धन योजनेतून तिथेही सूक्ष्मजीव सोडले होते, पण सांडपाणी येतच राहिलं आणि जलपर्णी काढण्याचं काम संपत नाही. वरून रोज ताट वाढलं जात असेल तर खालच्याने किती खायचं? आणि फॉस्फरस तर बॅक्टेरियाने खाल्ला तरी हवेत उडून जात नाही, नत्रासारखा नाही तो, तळातच राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात परत शेवाळाला खत.

रानमाणूस:
म्हणूनच म्हणतो तो गाळ काढून डाळिंबाला घाला, शेवाळापेक्षा झाडाला गेलेला काय वाईट? मे महिन्यात पाणी तळाला जातं, मासे धरून घ्या आणि मड पंपाने उपसा. फावडं, खोरं आत न्यायचं नाही, रबरी वायपरने ओढायचं. एकट्याने उतरू नका, कमरेला दोर बांधा आणि काठावर माणूस ठेवा, ओल्या कागदावरून वर येता येत नाही, दरवर्षी माणसं जातात अशी. मासे असताना मात्र गाळ ढवळायचा नाही, तो वासाचा वायू एकदम सुटला तर सकाळी पोत्याने मासे काढावे लागतील.

डाळिंबवाला_सांगोला:
मे मध्ये पाणी खाली जाईलच, तेव्हा उपसतो. बरणीचं उद्याच करतो. फूट व्हॉल्व्ह आजच बांधला कॅनला. पावडर सध्या नाही घेत. ब्लोअर रात्रभर चालवायचा का दिवसा? आमच्याकडे थ्री फेज लाईटची वेळ आठवड्याला बदलते.

मत्स्यमित्र_इंदापूर:
दिवसा शेवाळ फुकट ऑक्सिजन देतं, रात्री तेच ओढून घेतं. सगळ्यात कमी ऑक्सिजन पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. त्यामुळे मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवा. लहान सिंगल फेजचा ब्लोअर घ्या म्हणजे थ्री फेजच्या वेळापत्रकात अडकायला नको. डिफ्युझर (ब्लोअरची हवा पाण्यात सोडणारा भाग) तळावर ठेवू नका, फूटभर वर टांगा नाहीतर तोच गाळ ढवळेल. पहिले काही दिवस थोडा थोडा वेळच चालवा, आणि मासे वर तोंड काढून बसले तर त्या दिवशी खाद्य बंद.