मुलींच्या कबड्डी संघासाठी शिकाऊ प्रशिक्षिका कशी तयार करावी?

मंडळ_सचिव:
आमचं तालुक्याच्या ठिकाणचं कबड्डी मंडळ आहे. किशोरी आणि कुमारी असे मुलींचे दोन गट सरावाला येतात, दोन्हींना सर एकच. संघातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन खेळाडूंना प्रशिक्षणात यायचं आहे, एकीचं बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदवी) झालंय. त्यांना सरांच्या हाताखाली नेमकं काय काम द्यावं आणि किती महिने? एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) प्रशिक्षक कोर्स आधी की नंतर? मानधनाचं काय?

डावाकोपरा:
कोर्स नंतर. आधी एक पूर्ण हंगाम, म्हणजे आठ-नऊ महिने, मॅटवर. पण "सरांना मदत कर" एवढंच सांगून सोडलंत, तर हजेरी, वॉर्मअप आणि बर्फाची पिशवी यांच्यापुढे त्या जाणार नाहीत. काम लिहून द्या.

पहिले चार आठवडे हातात वही. सराव सामन्यातली प्रत्येक चढाई नोंदवायची: कोण गेली, कोणत्या बाजूने, बोनसला, म्हणजे जादा गुणाच्या रेषेपलीकडे, पाय टाकला का, पकड कोणी सुरू केली, दुसरी वेळेत आली का. महिलांचा सामना 15-15 मिनिटांचा आणि चढाई 30 सेकंदांची, म्हणजे साठेक नोंदी होतात. मग सरांसोबत बसून त्यातले दोनच दोष निवडायचे. उदाहरणार्थ, कोपरा (सगळ्यात कडेची बचावपटू) घोटा धरतो, पण कव्हर (तिच्यापेक्षा आतल्या जागेवरची) उशिरा येतं आणि चढाई करणारी निसटते. पाचव्या आठवड्यापासून त्याच दोषावरची 20 मिनिटं तिची: कोपरा-कव्हर जोडी, आधी चालत्या गतीने दहा वेळा, मग पूर्ण वेगात दहा. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातला एक अख्खा दिवस तिचा, आराखडा आदल्या दिवशी लिहून.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. सर कडेला उभे असतात, राहवत नाही, मधेच ओरडतात, "अगं, पाय मागे!" त्या क्षणी सगळ्या मुली सरांकडे बघतात आणि पुढचा तासभर त्यांच्याकडेच बघत राहतात. म्हणून त्या दिवशी सरांनी मॅटपासून लांब खुर्चीत बसायचं. जे सांगायचं ते मुली घरी गेल्यावर, दहा मिनिटांत.

टाइम-आऊटही द्या. प्रत्येक डावात दोन मिळतात, 30 सेकंदांचे. सराव सामन्यात त्यातला एक तिचा. मुली गोळा होऊन पाणी पिईपर्यंतच दहा सेकंद जातात. उरलेल्यात पकडीसाठी एक सूचना, चढाईसाठी एक. तिसरी कोणाच्या लक्षात राहत नाही. ही सवय जिल्हा स्पर्धेच्या आधी व्हायला हवी.

मॅटवरून:
एनआयएसचं म्हणाल तर दोन गोष्टी वेगळ्या आहेत: सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आणि एक वर्षाचा डिप्लोमा. सरकारी प्रशिक्षकपदाच्या जाहिरातीत बहुतेकदा डिप्लोमाच मागतात. सर्टिफिकेट करून मग हे कळलं की फार निराशा होते, म्हणून दोघींना आत्ताच सांगा. बी.पी.एड. शाळेतल्या नोकरीसाठी उपयोगी, पण ती प्रशिक्षकाची पदविका नव्हे. हंगामात जमलं तर पंच परीक्षाही द्यायला लावा. नियम पाठ असलेल्या प्रशिक्षिकेला मॅटवर कोणी गप्प बसवू शकत नाही.

मानधन सरावाच्या दिवसाप्रमाणे ठरवा, प्रवासखर्च वेगळा, द्यायची तारीख ठरलेली. रक्कम छोटी चालेल, पण सरांच्या मानधनातून कापू नका. कापलंत तर सर मनापासून शिकवणार नाहीत.

नोंदवही:
एक गोष्ट राहिली. संघाची यादी लिहिताना बाईचं नाव हमखास "व्यवस्थापिका" पुढे पडतं. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने जून 2022 मध्ये महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक असणं बंधनकारक केलं, ते राष्ट्रीय महासंघांसाठी. खाली मात्र सोबत बाई हवी म्हणून नेतात आणि खोल्यांच्या किल्ल्या तिच्या हाती देतात. तुम्ही प्रवेशअर्जावर "सहाय्यक प्रशिक्षिका" लिहा. हंगाम संपल्यावर मंडळाच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र द्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणता गट, आठवड्याला किती तास. पुढच्या प्रत्येक अर्जाला तेच लागतं.

कार्यकारिणीत कोणी कुरकुरलं तर सांगा: 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला 27-24 असं हरवलं, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक आपल्या नाशिकच्या शैलजा जैन होत्या.

मंडळ_सचिव:
फार उपयोगी. अडचण अशी की सर म्हणतात, दोघींना तयार केलं की माझी जागा जाईल.

डावाकोपरा:
त्यांची भीती खरी आहे, ती ठरावात मिटवा. कुमारी गट दोन वर्षं सरांकडेच, किशोरी गट हंगामानंतर प्रशिक्षिकेकडे, आणि सरांचं पद "मुख्य मार्गदर्शक". तोंडी नको.

नोंदवही:
त्याच ठरावात सुरक्षेचंही घाला. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात क्रीडासंस्था आणि स्पर्धेचं ठिकाण हे कामाचं ठिकाण धरलंय, आणि शिकाऊ व्यक्तीही कर्मचारी धरली आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या मंडळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता शोधून दोघींना पहिल्याच दिवशी द्या. सरांनी सरावानंतर जी दहा मिनिटं बोलायचं, तेही मैदानावर, उघड्यावर. बंद खोलीत नाही.