एकट्या बाईनं माहेरी राहावं की भाड्याची खोली करावी?

रानजाई
सरळ मुद्द्यावर येते. नवरा गेलेली किंवा नवऱ्यानं टाकलेली बाई, पदरी एक-दोन लेकरं, महिन्याची कमाई सात-आठ हजार. तिनं भावाच्या ओसरीत दिवस काढावे की तालुक्याला खोली करावी? माझं मत असं की खोली करावी आणि तिचा कागदही करून घ्यावा. कागद नसलेली खोली म्हणजे नुसता आडोसा.

मी दारव्ह्यात एका दवाखान्यात केसपेपर काढते. पगार 8,000. मुलगी शाळेत जायच्या वयाची, मुलगा तिच्याहून लहान. सध्या माहेरी आहे, सकाळची एसटी चुकली की काळीपिवळीनं लोंबकळत यायचं. वहिनी वाईट नाही हो. पण माझ्या लेकरांनी दुसऱ्यांदा दूध मागितलं की तिच्याआधी मीच त्यांच्यावर डोळे वटारते.

खोल्या आहेत. लोकांनी परसात टिनाच्या खोल्या काढून ठेवल्यात, भाडं 1,500 ते 2,500. भाड्यावरून माझं कोणाशी वाजलं नाही. पहिला प्रश्न येतो, मिस्टर काय करतात. दुसरा, मग कधी येतात का. येतात म्हटलं तरी नकार, येत नाहीत म्हटलं तरी नकार. कोणी हो म्हणालंच तर करार करायचा नाही, ही अट.

लोक चारित्र्याचं कारण पुढे करतात, पण खरी भीती कागदाची आहे असं मला वाटतं. नवरा-बायकोच्या बिऱ्हाडालाही मालक कागद देत नाही. फरक इतकाच की त्यांना तो लागत नाही, त्यांचं गावात घर असतं, रेशनकार्डावर नावं असतात. माझं नाव अजून सासरच्या कार्डावर आहे. मुलीला आरटीईच्या 25 टक्क्यांतून, म्हणजे खासगी शाळेतल्या फुकटच्या राखीव जागेवर, घालायचं तर भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच पाहिजे, भाड्याच्या पावतीनं भागत नाही. कार्ड वेगळं करायचं तरी तहसीलला राहण्याचा पुरावा मागतात. ज्याला दुसरा पत्ता नाही त्यालाच कागद लागतो आणि त्यालाच तो मिळत नाही.

तुमचं काय मत? उलट मत असेल तर तेही लिहा, मी चिडणार नाही.

मागचंपरस
ताई, माझ्या दोन खोल्या भाड्यानं आहेत, म्हणून मालकाची बाजू लिहितो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, मालकाच्या नावाजवळ भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा, रकाना असतो. आमच्याकडे एका भाडेकरूनं ओळख लावून त्यात स्वतःचं नाव चढवून घेतलं. घर खाली करता करता मालकाचं सोयाबीन वकिलाच्या घरात गेलं. तेव्हापासून गावात कोणी कागद म्हटलं की दार लावतो. यात बाई-माणूस असा भेद नाही.

दुसरं म्हणजे, संशय तुमच्यावर नसतो, तुमच्या नवऱ्यावर असतो. टाकून गेलेला नवरा एखाद्या रात्री पिऊन येतो, शिव्या घालतो, दारावर दगड मारतो. पोलीस पाटलाला मीच उठवायचं, साक्षीला मीच जायचं, बायकोची बोलणीही मीच खायची. दीड-दोन हजारांत हे कोण करेल?

तहसीलसमोरचा
मी अर्जनवीस आहे. माझ्या मते खोली शोधायची घाईच चुकीची. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 17 नं बाईला सासरच्या घरात राहायचा हक्क दिला आहे, घर कोणाच्याही नावावर असो. घर सासूच्या नावावर आहे म्हणून तुझा हक्क नाही, हे पूर्वी चालायचं. सर्वोच्च न्यायालयानं 2020 च्या आहुजा प्रकरणात सांगितलं की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं. कलम 19 खाली कोर्ट नवऱ्याला वेगळ्या घराचं भाडं भरायचा आदेशही देऊ शकतं. मग तुम्ही स्वतःच्या 8,000 मधून का भरता?

बाहेर पडलं म्हणून हक्क जातो असं नाही. पण गावात काय होतं ते रोज बघतो. बाई निघाली की खोलीला कुलूप लागतं, मग तिथं कुटाराची पोती येतात, मग दिराचं लग्न होऊन त्याच खोलीत त्याचं बिऱ्हाड. त्यानंतर ताबा मागत बसा. नवरा वारला असेल तर बाई 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं पहिल्या वर्गाची वारस आहे, पण फेरफारात नाव चढवायला कोणी तिच्या दारी येत नाही.

रानजाई
दादा, कलम 19 माझ्यासाठी नवं नाही. संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज दिलेला आहे. पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं त्याच कायद्यात आहे ना? माझ्या प्रकरणात नवऱ्याला नोटीसच बजावली जात नाही. नवरा पुण्याकडे कुठंतरी आहे, सासू म्हणते तिलाही पत्ता माहीत नाही. भाडं भरायचा आदेश निघाला तर तो कोणाच्या हातात देऊ? आणि सासरी राहायचा हक्क म्हणजे ज्या घरात मार खाल्ला तिथंच रात्री लेकरं घेऊन झोपायचं. तुमचा अर्ज चालू राहू द्या, मला येत्या जूनच्या आधी छप्पर पाहिजे.

भिवापुरीमिरची
बाई वं, कायले खोली करतं? तू कामावर गेल्यावर लेकराले कोन पाहीन? अंगनवाडी दुपारीच सुटते, पाळनाघर आपल्या इकडं कुठी आहे? आमच्या शेजारच्या पोरीनं असंच केलं होतं. खोली केली अन् लहानं पोट्टं घरमालकीनीच्या भरवशावर टाकून कापूस वेचाले जाये. एक दिवस तापानं फनफनलं, तं मालकीन म्हने मले काय ठाव. माहेरात वहिनी बोलन. बोलू दे ना. अंगाले भोकं पडत नाही.

हक्कसोड
मावशी, अंगाला भोकं पडत नाहीत, सातबाऱ्याला पडतात. हिंदू वारसा कायद्यात 2005 ची दुरुस्ती आली, वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला. आता भावाच्या घरी लेकरं घेऊन राहणाऱ्या बहिणीसमोर एक दिवस हक्कसोडपत्र येतं. भाऊ म्हणतो, तुझं आम्ही करतोच आहोत, सही कर. ज्याच्या घरचं जेवतो त्याला नाही कसं म्हणणार? माझ्या आईनं केली सही. दोन एकर ओलिताची जमीन होती. तिच्या किमतीत कोणत्याही तालुक्याला जन्मभर भाडं भरलं असतं. माहेरचं राहणं फुकट असतं हा हिशोब कोणीतरी एकदा मांडून बघा.

भाऊ सगळे असेच असतात असं म्हणत नाही. वहिनीलाही तिचं घर मोकळं हवंच असतं, त्यातही तिचं काही चुकत नाही.

भिवापुरीमिरची
सही करू नको म्हनाव ना मंग. राहाचं बी अन् सही बी करायची नाही. जमीन तं पोरीची बी आहे.

एकटाबाप
मीही एकटा आहे. बायको वारली, पोरगी माझ्याजवळ. पगार रानजाईताईंच्या आसपासच. मला खोली पहिल्याच घरी मिळाली. म्हणून कागदाचा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. मला मिस्टर-मिसेस काही विचारलं नाही, उलट कीव केली. मालकीणबाई म्हणाल्या, पोरीला शाळेतून आली की आमच्याकडे बसवत जा. ताईंना हे कोणी म्हटलं नसेल. तेव्हा बाई-माणूस भेद नाही असं म्हणू नका परसवाले दादा, आहे.

आणि आणखी एक. मला नाव विचारलं, मग आडनाव, मग गावातलं घर कोणत्या बाजूला. या तीन उत्तरांवर काम झालं. माझ्याबरोबरच्या एका पोराचं याच प्रश्नांवर काम झालं नाही, त्याला तर बायकोही होती. नमुना आठची भीती त्याच्यानंतर येते.

मागचंपरस
आडनावाचा विषय कशाला काढता, धागा भरकटेल.

एकटाबाप
मी धाग्याच्या मधोमधच बोलतो आहे.

पोळ्याचाबैल
सगळे रडून राह्यले, कोणी बेरीज करत नाही. लाडक्या बहिणीचे 1,500, निराधारचे 1,500, बालसंगोपनाचे एका लेकराचे 2,250 म्हणजे दोघांचे 4,500. झाले 7,500. पगार वेगळा. एवढ्यात आमच्यासारख्या कोरडवाहू कास्तकाराचं अख्खं घर चालते. वरून घरकुल आहेच, 1,20,000 मिळतात. भाडं भरतंच कायले?

तहसीलसमोरचा
दादा, ही बेरीज माझ्या टेबलावर आणली असती तर मी परत केली असती. संजय गांधी निराधारला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत लागतं. म्हणजे महिन्याला 1,750. आठ हजार कमावणारी बाई सरकारच्या लेखी निराधार नाहीच. शिवाय दुसऱ्या योजनेतून दीड हजार घेणारीला लाडकी बहीण मिळत नाही, दोन्हीतलं एकच. त्यातही 2025 साली ई-केवायसी आली तेव्हा नवऱ्याचं नाहीतर बापाचं आधार मागितलं. ज्यांचा नवरा बेपत्ता आणि बाप वारलेला, त्या बायका माझ्या टेबलासमोर रांगेत होत्या.

घरकुलाला आधी यादीत नाव आणि मग बांधायला जागा लागते. जागा खरेदीला मदतीची योजना आहे, पण गावठाणात विकणारा तर पाहिजे. बालसंगोपन मात्र खरं आहे. रानजाईताई, अर्ज केला नसेल तर बालकल्याण समितीकडे करा. एकटाबाप, तुम्हीही करा, ती योजना फक्त आईसाठी नाही. पैसे दर महिन्याला येतील या हिशोबानं भाडं ठरवू नका. येतात तेव्हा एकदम येतात.

रानजाई
बालसंगोपनाचा अर्ज केला आहे. तिथंही पत्ता विचारला.

परसवाले दादा, तुमची भोगवटादाराची भीती मी खोटी म्हणत नाही. पण तिच्यावर उपायही कागदच आहे. 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स केला तर कोण मालक आणि कोण राहणारा हे त्यातच लिहिलेलं असतं. ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये आहे, मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का. दीड हजारांच्या खोलीला तो किती होणार? तोंडी ठेवलेल्या भाडेकरूनं तुमच्या गावातल्या माणसाला फसवलं, कागदावाल्यानं नाही.

मागचंपरस
हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. ऑनलाइन करायला दोघांचं आधार आणि अंगठा लागतो, मधला माणूस त्याचे हजार-बाराशे वेगळे घेतो. शिवाय एकदा कागद झाला की भाडं दिसतं, मग घरपट्टीवाला विचारतो. तरी समजा मी तयार झालो. खर्च तुमचा आणि साक्षीला तुमचा भाऊ पाहिजे. उद्या काही झालं तर मला कोणाला फोन करायचा ते ठरलेलं असलं पाहिजे.

हक्कसोड
बघा, भाऊ आलाच.

तहसीलसमोरचा
साक्षीदार दोन लागतात. भाऊच हवा असं कुठंही लिहिलेलं नाही. आणि परसवाले दादा, तुमचं घर तालुक्याच्या शहराच्या हद्दीत असेल तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 वाचून घ्या. तो कायदा अनुसूचीतल्या क्षेत्रांनाच लागतो, प्रत्येक खेड्याला नाही. पण जिथं लागतो तिथं करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरतात. म्हणजे तोंडी व्यवहारात तुम्ही जास्त उघडे पडता. मी मुळातल्या मतावर ठाम आहे, सासरचा हक्क आधी. पण खोली करायचीच तर कागदाशिवाय करू नये, इतकं रानजाईताईंचं मान्य.

रानजाई
खर्च अर्धा-अर्धा. साक्षीला दवाखान्यातल्या सिस्टर आणि आमच्या गावच्या आशाताई येतील. भावाचा नंबर देते, सही नाही.

मागचंपरस
अर्ध्याचं घरी विचारून सांगतो. पण कुलरचे महिन्याला 400 वेगळे, मार्च ते जून. टिनाच्या खोलीत मे महिन्यात कुलर बंद राहत नाही, आणि मीटर एकच आहे.

रानजाई
हे मी सगळीकडे ऐकते. एकाच मीटरवर दोन घरं चालली की युनिट 100 च्या वर जातात आणि पुढच्या टप्प्याचा दर कितीतरी चढा आहे. तो चढा भाग तुमच्या फ्रीज-टीव्हीचाही असतो, पण वसूल कुलरवाल्याकडून होतो. सबमीटर लावा, मी युनिटप्रमाणे देते. बसवायचे पैसे भाड्यातून वळते करू.

मागचंपरस
सबमीटरला माझी हरकत नाही. आडनाव तेवढं मेसेजमध्ये कळवा.

एकटाबाप
घ्या.

भिवापुरीमिरची
कुलर-बिलर मंगच्या गोष्टी. आधी हे विचार वं, नळ कितव्या दिवशी येते अन् टाकी तुह्या खोलीजवळ हाय का त्याहीच्या अंगनात.